दोन्हीकडची दलाली

लग्नाच्या पंगतीत असो की बाजाराच्या गर्दीत, मला ओळखणारं कोणी भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "नारायणजी, घर त्याचं, पैसा ह्याचा. मंग तुमची दलाली कायची?" विचारणारा हसत विचारतो, पण उत्तराची वाटही पाहतो. तीसेक वर्षं मी गोंदियात घरं, रिकाम्या जागा, धानाच्या बांध्या आणि मालगुजारी गावांचे हिस्से विकून दिले. आता गुडघे बोलतात, म्हणून घरी बसलो आहे. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, एकदाचं ह्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकावं.

मी धंद्यात आलो तेव्हा गोंदिया वाढत होतं. मोठी रेल्वे आणि छोटी रेल्वे इथं येऊन मिळाल्या आणि काल ज्या पडीत जागेत म्हशी लोळत होत्या तिथं आज धानाचं गोदाम उभं राहू लागलं. कच्छकडचे, मारवाडकडचे, छत्तीसगडचे, बंगालचे, सगळीकडचे लोक उतरत होते. कोणाला गोदामाला जागा हवी, कोणाला बिडीच्या कारखान्याला, कोणाला दोन खोल्यांचं घर. आणि ज्यांच्या जागा होत्या ते होते कामठ्याला नाहीतर सालेकशाकडच्या जंगलातल्या गावात. ह्याला त्याची बोली कळेना, त्याला ह्याची. मधे कोणीतरी लागणारच. स्टेशनरोडवर एका पानठेल्यासमोर लाकडी बाकडं होतं, त्यावर आम्ही चार-पाच दलाल बसत असू. ते बाकडं हेच ऑफिस. छत्री, वहाणा आणि पाठ असलेले रस्ते, एवढंच भांडवल.

माझे उस्ताद बिसनलालजी. पांढऱ्या मिशा, कानात अत्तराचा फाया, बोलणं सगळं हिंदीत. पहिल्याच वर्षी मी तोंडावर आपटलो तेव्हा त्यांनीच मला उचललं. तहसीलच्या एका कारकुनाला मी स्टेशनमागचं एक घर दाखवलं होतं. तीनदा दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, नको, महाग आहे. मीही सोडून दिलं. दीड महिन्यानं पाहतो तो त्याच घराच्या ओट्यावर कारकूनसाहेब उघड्या अंगानं दात घासत बसलेले. मालकाशी परस्पर बोलून, दोघांनी मिळून माझ्या दलालीचा खर्च वाचवला होता.

मी रडकुंडीला येऊन उस्तादांना सांगितलं. ते मला घेऊन बाजारातल्या दोन वजनदार व्यापाऱ्यांकडे गेले, कारकुनाला आणि घरमालकाला तिथं बोलावलं आणि कारकुनाला एकच गोष्ट विचारली.

"इस लड़के ने दिखाया नहीं होता, तो आप यह घर जानते थे?"

कारकुनानं टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, "नाही."

"बस," उस्ताद म्हणाले, "मुझे और कुछ नहीं पूछना."

दलाली मिळाली. येताना उस्तादांनी मला धंद्याचं सार सांगितलं. नुसतं घर दाखवलं म्हणून दलाली लागू होत नाही, कितीही पायपीट झाली तरी नाही. विकणारा आणि घेणारा एकाच भावाला एकाच वस्तूसाठी हो म्हणाले आणि ते हो तुझ्यामुळं घडलं असेल, तर तुझी दलाली त्या क्षणी लागू झाली. मग त्यांनी तुला बाजूला सारून रजिस्ट्री केली तरी ती बुडत नाही. हो म्हटल्यावर विकणारा लहरीनं फिरला, तरी मागायचा हक्क तुझा आहे. पण गोंदियाचा रिवाज असा की हातात पैसा पडतो रजिस्ट्री झाल्यावर, तोवर धीर धरायचा. दर रुपयामागं एक पैसा.

हे सगळं मी मनापासून शिकलो. फक्त एक गोष्ट उस्तादांनी सांगितली नाही, बहुधा ती सांगावी लागेल असं त्यांना वाटलं नसेल. ती मला पुढं एका बैलानं शिकवली. ती हकिकत सांगायचीच आहे. पण त्याआधी नत्थूजींबद्दल दोन ओळी लिहू द्या, नाहीतर आमच्या धंद्यात सगळे पैशामागंच असतात असा कोणाचा समज व्हायचा.

नत्थूजी निवृत्त पटवारी. दर रविवारी धुतलेला कोट घालून बाकड्यापाशी येत आणि म्हणत, "चला दलालजी, घर पाहू." मी त्यांना सात वर्षं घरं दाखवली. ते प्रत्येक घरात चूल कुठं मांडायची, गाय कुठं बांधायची ते ठरवत, मालकिणीला विहिरीच्या पाण्याबद्दल विचारत, चहा घेत आणि बाहेर आल्यावर म्हणत, "चांगलं आहे, पण दार दक्षिणेला." उत्तरेचं दार दाखवलं तर दुसरं काही निघे. बाकीचे दलाल मला हसत. मला चौथ्या वर्षी कळलं की त्यांना घर घ्यायचंच नव्हतं. मुलाच्या घरात त्यांना ओसरीवरची एक बाज तेवढी होती, म्हणून रविवारी तासभर ते दुसऱ्याच्या घराचे मालक होऊन येत. कळल्यावरही मी दाखवत राहिलो. त्यात दलाली नव्हती, पण चहा बरा मिळे.

आता बैलाची गोष्ट.

कामठ्याच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. गावाचे मालगुजार दोघे भाऊ, थोरला डोमाजी आणि धाकटा सुकराम. मालगुजारी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सरकारात गावाचा सारा भरणारा तो मालगुजार, गाव त्याच्या मालकीचं. गाव सोळा आण्यांचं धरतात आणि भाऊ वेगळे झाले की आण्यांनी वाटणी होते. ह्या दोघांचे आठ-आठ आणे होते. आता हे सगळं जाणार असं लोक बोलतात. जाईल तेव्हा जाईल, मी ज्या काळाचं सांगतो तेव्हा आठ आणे म्हणजे मोठी गोष्ट होती.

गावात त्यांच्या आज्यानं बांधलेला तलाव होता. त्यांच्या घराण्याचा नावलौकिकच तलाव बांधण्याचा. उंच पाळ, पाळीवर आंब्याची आणि कहूची मोठी झाडं, आणि खाली धानाला पाणी सोडायला दगडी तुडूम. तुडुमाचं बूच काढलं की पाणी पाटानं बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, जाई. एका वर्षी पाऊस मधेच दडी मारून बसला. डोमाजीनं आधी वरच्या बांध्या भिजवल्या. सुकराम पाहायचा त्या बांध्या खाली, तिथला धान पिवळा पडायला लागला. एका सकाळी त्यानं स्वतः जाऊन बूच काढलं. डोमाजी तिथं पोचला, त्यानं बूच परत लावलं, शब्दाला शब्द लागला आणि आज्यापासून एकत्र असलेलं घर महिन्याभरात दोन झालं. अंगणात भिंत आली. जनावरं वाटली. सुकरामनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं एक गोऱ्हं होतं, हिरा त्याचं नाव. ते डोमाजीच्या वाट्याला गेलं. त्यानंतर पाच वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच्या घरची सून विहिरीवर असली तर दुसऱ्याच्या घरची घागर घेऊन परत जाई.

सुकराम माझ्या बाकड्यापाशी आला तेव्हा तो ह्या सगळ्याला कंटाळलेला होता. पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस.

"मले माहा हिस्सा इकाचा हाय," तो म्हणाला. "गोंदियात येऊन धान कुटाची गिरनी टाकतो म्हनतो. तिथं जीव घुटून राहिला."

"भावाला विचारलं का? शेजारचा आठ आणेवाला सगळ्यात चांगला भाव देतो."

"त्याले सोडून कोनालेही द्या. त्याले नाही."

"का बरं?"

"कायले इचारता? सांगतलं ना, त्याले नाही."

मी काम घेतलं. रुपयामागं पैसा तो देईल असं ठरलं. पंधरा दिवसांत मी एक गिऱ्हाईक नेलं, रायपूरकडचा लाकडाचा ठेकेदार. आम्ही गाव पाहिलं, बांध्या पाहिल्या, मग तलावाच्या पाळीवरून चाललो. ठेकेदार चालताना एकेका झाडाच्या बुंध्याला हात लावत होता आणि ओठांत काही पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतो आहे. पाळीच्या टोकाला पोचल्यावर तो म्हणाला, "तिरेसठ पेड़. आधे मेरे हुए ना?" त्यानं साडेचार हजार सांगितले. सुकराम विचार करून सांगतो म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलं.

दोन दिवसांनी डोमाजी माझ्या घरी आला. थोरला उंच, मोठ्या हाडाचा, डोक्याला मळका फेटा. ओसरीवर बसला आणि पाणी प्याला.

"तो लाकूडवाला झाडं मोजून गेला," मग तो म्हणाला. "झाडं गेली का पाळ गेली, जी. मुळायनं धरून ठेवली हाय ते पाळ. पाळ फुटली का गाव गेलं."

"मग तुम्हीच घ्या ना. कायद्यानं हिस्सेदाराला पहिला हक्क सांगता येतो."

"कोर्टात जाऊन, त्याच्यासमोर उभा राहून, मले दे म्हनू? हे माह्याच्यानं होनार नाही." मग आवाज खाली करून म्हणाला, "आमगावचा फत्तुजी व्यापारी माह्या ओळखीचा हाय. सुकराम त्याले ओळखत नाही. त्याच्या नावानं घ्या. पाच हजार देतो. तुमाले रुपयामागं पैसा देतो. फक्त माहं नाव निंघालं नाही पायजे."

इथं मी जरा थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मनात हिशेब झाला तो असा: सुकरामला पाचशे जास्त मिळतात, गावाचा तलाव वाचतो, डोमाजीचं मन शांत होतं आणि मला दोन्हीकडून दलाली मिळते. सगळ्यांचंच भलं. रुपयाचे चौसष्ट पैसे धरून अठ्ठ्याहत्तर रुपये दोन आणे एकाकडून, तेवढेच दुसऱ्याकडून. मी बायकोला सांगितलं की ह्या वर्षी छपरावरचे कवेलू बदलून टाकू. ती म्हणाली, "धाकट्या भावाला सांगितलं का, की थोरला घेतोय?" मी म्हटलं, धंद्यातल्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत. कवेलूवाल्याला निरोप मात्र तिनं धाडला नाही.

सुकरामला मी सांगितलं की आमगावचा व्यापारी आहे, झाडं तोडणार नाही, पाच हजार देतो. त्याचा चेहरा खुलला. "झाडं तोडनार नाही ना? लिहून घ्या." मी लिहून घेतलं. सौदा ठरला, बयाना म्हणजे विसार दिला, रजिस्ट्रीचा दिवस ठरला.

गोंदियाची रजिस्ट्री कचेरी म्हणजे तेव्हा एक कौलारू इमारत, समोर मोठं अंगण आणि अंगणाच्या कडेला दस्त लिहिणाऱ्यांच्या पेट्या. त्या दिवशी सुकराम आणि मी वेळेआधी पोचलो. दस्त लिहून तयार होता, सही तेवढी व्हायची होती. सुकराम पेटीपाशी उकिडवा बसला होता, हातात टाक. तेवढ्यात फत्तुजी व्यापारी दमणीतून आला. उतरला, रामराम घातला आणि दस्त वाचू लागला. त्याचा गाडीवान बैल सोडून त्यांना अंगणातल्या चिंचेखाली नेत होता.

त्यातला एक बैल थांबला. पांढरा, धिप्पाड, एक शिंग जरासं आत वळलेलं. गाडीवानानं कासरा ओढला तरी तो हलेना. मान वर करून त्यानं वास घेतला आणि मग सरळ आमच्याकडं चालत आला, गाडीवान मागून ओढला जातोय. दस्त लिहिणारा पेटी सावरत मागं सरकला. बैलानं सुकरामच्या खांद्यावर तोंड टेकवलं, त्याचं कोपर चाटलं आणि कोटाच्या खिशात नाक खुपसलं.

सुकरामनं टाक खाली ठेवला आणि बैलाच्या वळलेल्या शिंगावरून हात फिरवला.

"हिरा," तो म्हणाला.

डोमाजीनं पाच हजार रुपये घेऊन जाणाऱ्या माणसाला विश्वासाची दमणी म्हणून स्वतःचीच जुंपून दिली होती. इतका विचार करून केलेल्या कामात हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही, ना त्याच्या, ना व्यापाऱ्याच्या, ना माझ्या.

सुकरामनं व्यापाऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलं.

"तुमाले माहीत होतं?"

नाही म्हणायला जीभ वळली होती. व्यापाऱ्यानं बैल परस्पर विकत घेतला असेल, असं काहीही सांगता आलं असतं. पण बैल त्याचा हात चाटत होता आणि तो माणूस मला विचारत होता. मी म्हणालो, "हो, माहीत होतं."

माझ्या धंद्यात मला लोकांनी शिव्या दिल्या आहेत, एकदा एकानं छत्री उगारली आहे. पण सुकरामनं त्या वेळी ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. राग नव्हता त्यात. आपला समजून ज्याला घरातलं सगळं सांगितलं तो आपला नव्हताच, असं समजल्यावर माणूस जसा पाहतो तसा तो पाहत होता.

"कुठं हाय तो?" त्यानं विचारलं.

डोमाजी कुठं असेल हे सांगायला फार अक्कल लागत नव्हती. कचेरीच्या फाटकाबाहेर चहाचं एक हॉटेल होतं. तिथल्या बाकड्यावर पाठमोरा, फेटा काढून मांडीवर ठेवून तो बसला होता. समोरचा चहा निवून साय धरलेला. सुकराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी मागं. व्यापारी माझ्या मागं. आणि बैलाला कोणी धरलं नव्हतं, म्हणून तोही मागं.

"घ्याचंच होतं तं मांगाले काय झालतं?" सुकराम म्हणाला. भावाशी पाच वर्षांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

डोमाजी उठला नाही. "मांगतलं असतं तं देलं असतं काय तू?"

सुकराम विचार करू लागला. "नाही," तो म्हणाला.

"मंग?"

सुकराम बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. हॉटेलवाल्यानं न सांगता त्याच्यासमोर चहा ठेवला. दोघे रस्त्याकडं तोंड करून बसले.

"झाडं तोडनार होता तो लाकूडवाला," डोमाजी म्हणाला.

"मी देऊन नोहतो राहिलो त्याले."

"हे मले कसं मालूम?"

"पाच वर्सं बोलला असता तं मालूम झालं असतं."

डोमाजीनं फेटा उचलून त्यानं तोंड पुसलं. पुसायला बराच वेळ लावला. मग म्हणाला, "त्या सालची बारी तुहीच होती. खालच्या बांध्यायची. मले मालूम होतं. मी बूच लावाले नोको होतं."

सुकरामनं बशीतला चहा भावाकडं सरकवला, कारण डोमाजीचा निवला होता. डोमाजीनं तो प्याला. एवढंच झालं. मी आजपर्यंत जेवढे सौदे जुळताना पाहिले त्यात ह्याहून कमी शब्दांत जुळलेला दुसरा नाही.

मग सुरू झालं उलटं भांडण. सुकराम म्हणे, भावाकडून पाच हजार कसे घेऊ, ठेकेदारानं सांगितले तेवढे साडेचारच दे. डोमाजी म्हणे, आणलेले पैसे परत नेणार नाही, तुला गिरणी टाकायची आहे. दोघांचे आवाज चढले. येणारे-जाणारे थांबू लागले. मला वाटलं, आता मधे पडण्याची वेळ आली, हेच तर आपलं काम.

"पावणेपाच करा," मी म्हणालो. "दोघांचंही राहतं."

दोघांनी एकदम माझ्याकडं वळून पाहिलं. मी तिथं आहे हे जणू ते विसरले होते.

"दलालजी," सुकराम म्हणाला, "मी तुमाले रुपयामांगं पैसा देनार होतो. हा किती देनार होता?"

"तेवढाच," डोमाजीच बोलला. मग त्यानं भावाला विचारलं, "काऊन, तुह्याकडूनही घेऊन राहिले होते?"

"हाव."

"मले नाही सांगतलं."

"मलेही नाही."

पाच वर्षांत त्या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. त्या बाकड्यावर ते पहिल्यांदा झालं, आणि ते माझ्याबद्दल झालं. दोघांनी ठरवलं की मला एक पैसाही द्यायचा नाही.

मी वाद घातला. उस्तादांनी शिकवलेलं सगळं काढलं. म्हटलं, घेणारा मी आणला, भाव मी ठरवला, दोघांचं हो माझ्यामुळं झालं, दलाली तर बयान्याच्या दिवशीच लागू झाली आहे. डोमाजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सौदा तुमी कुठं केला, जी?" तो म्हणाला. "सौदा त्या बैलानं केला. दलाली त्याचीच."

तो उठला, शेजारच्या दुकानातून एक गुळाची भेली घेतली आणि दोघा भावांनी रस्त्यात उभं राहून ती हिराला खाऊ घातली. व्यापारी हसून हसून खाली बसला. नवा दस्त लिहिला गेला, पावणेपाच हजारांचा, डोमाजीच्या नावानं. म्हणजे भाव माझाच राहिला, पण तेव्हा ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवशी फायद्यात राहिला तो एकटा दस्त लिहिणारा, त्याला दोनदा लिहिणावळ मिळाली.

मी तसा सहज हार मानणारा नव्हतो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकिलांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "धाकट्यानं तुम्हाला कशासाठी नेमलं होतं?"

"जास्तीत जास्त भाव आणायला."

"आणि थोरल्यानं?"

मी छत्रीची मूठ चाचपू लागलो.

"कमीत कमी भावात घ्यायला," तेच म्हणाले. "एकाच वेळी दोघांचं काम तुम्ही कसं करणार होतात? दोघांना सांगितलं असतं, दोघे हो म्हणाले असते, तर दोन्हीकडची दलाली चोख तुमची होती. लपवलीत, म्हणून एकाकडचीही राहिली नाही. भंडाऱ्याला दावा लावायचा तर लावा, पण मी तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही."

डोमाजी बोली कितीवर नेऊ शकतो हे मला माहीत होतं. सुकराम कितीवर खाली येईल हेही माहीत होतं. दोघांची गुपितं एकाच खिशात घेऊन मी हिंडत होतो आणि स्वतःला दोघांचा हितचिंतक समजत होतो. पैसे गेल्याचं दुःख महिन्याभरात विरलं. हे मात्र विरलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, मी काय बोलतो ते नीट ऐकलं. मग म्हणाली, "जुने कवेलू चाळून घेऊ. अर्धे चांगले आहेत." त्या वर्षी आम्ही दोघांनी छपरावर चढून कवेलू चाळले. एक थेंब गळला नाही.

गोंदियात मात्र बातमी माझ्याआधी पोचली. बाकड्यावरचे दलाल मला बैलदलाल म्हणू लागले. पानवाला गुळाचं पान देऊ का विचारी. मी चिडत नसे. चिडायला जागाच नव्हती. पण एक सवय मी लावून घेतली. कुठलाही सौदा असो, बयान्याच्या आधी विकणारा आणि घेणारा दोघांना समोरासमोर बसवायचं आणि कागदावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं: मला कोणी बोलावलं, मी कोणाचं काम करतो, कोणाकडून किती घेणार. सुरुवातीला दोन सौदे ह्यामुळं फिसकटले. मग लोकांना त्याची सवय झाली, आणि नंतर तर लोक त्यासाठीच यायला लागले.

दोनेक वर्षांनी सुकराम आला. गिरणीसाठी जागा हवी होती. तोवर तो भाड्याच्या जागेत कुटाई करत होता, आता स्वतःचं हवं होतं. योगायोगानं रेल्वेशाळेतल्या एका मास्तरांची विधवा, काशीबाई, आपली रिकामी जागा विकायला निघाली होती. ती मूळची वर्ध्याची, जागा विकून माहेरी जाणार होती. तिनंच मला बोलावलं होतं, तेव्हा दलाली तिच्याकडून. मी सुकरामला तसं सांगितलं. तो म्हणाला, "दादाले घेऊन येतो."

दोघे भाऊ आले. काशीबाईच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. बाई उंबऱ्यात बसली, पदर डोक्यावरून, पण नजर सगळ्यांवर. मी नेहमीप्रमाणं कागद वाचला. मला बाईंनी नेमलं. मी बाईंचं काम करतो, त्यांना चांगला भाव मिळावा हे पाहणार. रुपयामागं पैसा त्यांच्याकडून. घेणाऱ्याकडून काहीही नाही.

"इतलं वाचून दाखवून राहिले," सुकराम म्हणाला, "तं थोडी आमचीही दलाली लिहा. जागा तं तुमीच दाखवली."

"बाईंची हरकत नसेल तर."

काशीबाईनं लगेच हो म्हटलं नाही. नवरा गेल्यापासून तिला दोन दलालांनी फसवायचा प्रयत्न केला होता, हे मला माहीत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या फेटेवाल्या थोरल्या माणसाकडं.

"तुम्ही वडीलधारे दिसता," ती म्हणाली. "ह्या दलालांना तुम्ही ओळखता ना? ह्यांच्या शब्दावर जाऊ का मी?"

डोमाजीनं घसा साफ केला. मी खाली सतरंजीकडं पाहू लागलो.

"जा जी, बेधडक जा," तो म्हणाला. "ह्या मानसाले आमी दोघा भावांनी मिळून एकदा एक पैसा देला नाही. तवापासून खरं बोलते."